जुने लेगो किल्ले घेताना माझे 61,500 रुपये कसे गेले

जाहिरातीतल्या फोटोत तीन किल्ले होते, हिरव्या फुलाफुलांच्या चादरीवर मांडलेले. पुढे शिपायांची रांग. उजवीकडून तिसऱ्या शिपायाच्या पायावर निळ्या बॉलपेनची आडवी रेघ होती. ही रेघ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मी नाशिकची, राहायला इंदिरानगरला, अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. लहानपण पंचवटीतल्या वाड्यात गेलं. सहामाही संपली की आम्ही पोरं माती आणून दिवाळीचा किल्ला करायचो, त्यावर हळीव पेरायचो, मावळे मांडायचो. वाड्यातल्याच एका काकांचा भाऊ मस्कतला होता. त्यानं एका सुट्टीत पुतण्यासाठी लेगोचा, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा, राखाडी किल्ला आणला. बुरूज, उचलता पूल, घोड्यावरचे सरदार. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, ओट्यावरून बघायचं फक्त. पुढे नोकरी लागल्यावर कळलं की तो 1984 चा, 6080 क्रमांकाचा संच. साडेसहाशेच्या वर तुकडे आणि 12 माणसं. लेगोचे साच्यातून काढलेले तयार घोडेसुद्धा त्याच वर्षी पहिल्यांदा आले. त्याआधीच्या 1978 च्या पिवळ्या किल्ल्यात घोडाही ठोकळ्यांचाच जोडायचा होता. हे सगळं मला पाठ आहे, कारण तीस वर्षं मी तो किल्ला मनात बाळगून होते.

म्हणून जाहिरातीत 6080, शेजारी 1990 चा 6081 आणि 1992 चा 6086, असे तीन ‘पूर्ण’ संच आणि वर एक पोतं सुटे ठोकळे दिसले, तेव्हा मी त्याच दिवशी फोन केला. फोनवरचा माणूस अतिशय मऊ बोलला. मुलं दुबईत वाढली, त्यांची ही खेळणी, आता घर आवरायचंय, चांगल्या हातात जावीत एवढीच इच्छा. 65 हजारांवरून 52 ला आला. “ताई, तुम्ही मनापासून घेताय हे कळतंय मला,” म्हणाला. टोकन म्हणून 10 हजार यूपीआयनं लगेच मागितले, बाकी रोख. मी दिले. नवरा म्हणाला, आधी बघून ये. माझं म्हणणं, दुसऱ्या कुणी उचलले तर?

फ्लॅट नाशिक रोडच्या बाजूला होता. त्यानं संध्याकाळी साडेसातची वेळ दिली. हॉलमधली ट्यूब गेलीय म्हणाला, एक पिवळा बल्ब जळत होता. टेबलावर तिन्ही किल्ले उभे. मी हात पुढे केला तर म्हणाला, “ताई, उचलू नका हं, जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं.” हे खोटं नव्हतं. जुने बिजागरीचे तुकडे तुटतात, शिपायांच्या धडांना कडेनं तडे जातात, हे मलाही माहीत होतं. त्यामुळेच मी हात मागे घेतला. अर्धं खरं बोलणाऱ्यापुढे आपण किती सहज नमतो, ते त्या रात्री मला उमगलं नाही.

बाकीचे 42 हजार मी मोजून दिले. पावती मागितली तर “घरचा व्यवहार आहे ताई” असं उत्तर आलं. मग तो म्हणाला, तुम्ही चहा घ्या, मी नीट पॅक करून देतो. किल्ले आतल्या खोलीत गेले आणि वीस मिनिटांनी तीन गोणपाटाची पोती बाहेर आली. किल्ले मोडून भागभाग करून भरलेले. मी काहीच मोजलं नाही. कारखान्यात चलनाशिवाय आणि मोजल्याशिवाय एक नट आत घेत नाही मी, आणि इथे ती पोती रिक्षात घालून घरी आले. त्या वीस मिनिटांचा विचार अजून मनातून जात नाही.

पुढचा रविवार मी आणि मुलगा गॅलरीत जुनी सतरंजी टाकून बसलो. आधी रंगानुसार वेगळं करायला गेलो, ते चुकीचं होतं. राखाडी तुकड्यांच्या ढिगात हवा तो राखाडी तुकडा सापडत नाही, पण आकारानुसार लावलं की रंग आपोआप डोळ्यात भरतो. मग आकारानुसार डबे केले. धान्याच्या चाळणीनं बारीक तुकडे आणि धूळ वेगळी केली. भांड्याचा साबण आणि कोमट पाण्यात धुतलं. पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको, नाहीतर हे प्लास्टिक वाकतं. वाळवलं सावलीत, कारण उन्हानं पांढरे आणि फिके तुकडे पिवळे पडतात. त्या सकाळी मी फार आनंदात होते.

अकराच्या सुमारास ऊन सतरंजीवर आलं आणि मुलगा म्हणाला, “आई, हे दोन वेगळे ग्रे आहेत.”

खरंच होते. जुन्या लेगोचा राखाडी जरा उबदार, मातकट असतो. 2004 च्या सुमारास कंपनीनं तो बदलून निळसर केला, गडद राखाडीही बदलला, तपकिरीचा लालसर केला. त्यामुळे 1984 च्या किल्ल्यात निळसर राखाडी वीट असूच शकत नाही. इथे तर निम्म्या भिंती तशा. पिवळ्या बल्बखाली दोन्ही एकच दिसतात. ट्यूब गेली नव्हती, काढलेली असणार, असं मला आज वाटतं. सिद्ध करू शकत नाही.

मग एकेक वीट हातात घेतली. खऱ्या लेगोच्या विटेवर जे गोल उंचवटे असतात, त्या प्रत्येकावर बारीक अक्षरात कंपनीचं नाव असतं. भिंतीच्या वरच्या थराच्या विटांवर ते होतं. आतल्या थरांच्या विटांवर नव्हतं. भिंत उभी असताना खालच्या विटांचे उंचवटे वरच्या विटांखाली झाकले जातात, दिसतो तो फक्त माथा. ज्यानं हे रचलं त्याला हे नेमकं ठाऊक होतं. दिवसभर मोजलं. एकूण 1,870 तुकडे, त्यातले 640 नकली. काही इतके सैल की भिंत हलवली की गळायचे, काही इतके घट्ट की काढताना नख दुखावं.

6081 ची खड्डा आणि चढण असलेली मोठी बेसप्लेट, म्हणजे किल्ला ज्यावर उभा राहतो तो पाया, पाण्यात घातली आणि थोड्या वेळानं दोन तुकडे होऊन वर आली. मधोमध तडा होता, झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडलेला. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पांढरट धुरकट डाग होता. हा गोंद सुकताना असा डाग सोडतो. हा डाग दिवसाउजेडी मी नक्की ओळखला असता.

शिपाई बघताना मात्र माझे हात थरथरायला लागले. 6080 ची म्हणून दिलेली बाराच्या बारा माणसं चुकीची. त्या काळच्या डोक्याचा वरचा उंचवटा भरीव असायचा. नंतर लहान मुलानं गिळलंच तर हवा जावी म्हणून त्यात भोकं ठेवायला लागले. यातली बहुतेक डोकी भोकांची आणि पाच डोक्यांवर नावच नाही. ढालींवरचं चित्र नखानं खरवडलं तर निघालं. आणि 6081 मधलं अंधारात चमकणारं भूत, जे फोटोत स्पष्ट दिसत होतं, ते पोत्यात नव्हतंच. लेगोनं भूत पहिल्यांदा आणलं ते 1990 साली, याच संचाच्या वर्षी. माझ्या मुलाला सगळ्यात जास्त तेच हवं होतं.

फोन केला. तो रागावला नाही, उलट कळवळला. “अहो ताई, शिफ्टिंगमध्ये मुलांनी मिसळलं असेल. माझ्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांच्याकडे असे जुने शिपाई असतात, विचारतो.” दोन दिवसांनी वेगळ्या नंबरवरून वेगळ्याच माणसाचा मेसेज. 6080 चे सात शिपाई आणि भूत, 9,500 रुपये. मी त्याही वेळी पैसे पाठवले. मला किल्ला पुरा करायचा होता, एवढंच कारण आहे.

कुरियर आलं. यावेळी माल अस्सल होता. भरीव डोकी, अक्षरं, सगळं बरोबर. मुलानं दिवा बंद केला, भूत हिरवट चमकलं, तो ओरडला. मी शिपाई ओळीनं उभे करत होते. तिसऱ्याच्या पायावर निळी रेघ.

मोबाइलमधला जाहिरातीचा फोटो काढून मोठा केला. तीच रेघ, तोच तिरपेपणा. माझ्याच व्यवहारातले शिपाई त्या वीस मिनिटांत पोत्यातून काढून घेतले होते आणि ते मलाच दुसऱ्यांदा विकले होते.

सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, तोपर्यंत दुसरा व्यवहार होऊन आठ दिवस झाले होते. पैसे पुढे निघून गेले होते. पहिल्या काही तासांत कळवलं तर ते खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते. पोलिसांत लेखी अर्ज दिला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 आहे हे तिथे समजलं. अर्जावर चौकशी चालू आहे. 42 हजार रोख दिल्याचा माझ्याकडे कागदाचा कपटाही नाही. फ्लॅट महिन्याच्या भाड्याचा निघाला, आता तिथे दुसरं कुटुंब राहतं. हातात आहे ते टोकनच्या वेळचं चॅट, ज्यात त्यानं ‘तीन पूर्ण संच’ असं स्वतः लिहिलंय. कुणाशी असा व्यवहार करत असाल तर निदान एवढं लिहून घ्याच. संचाचे क्रमांक, माणसं किती, कुठला तुकडा तुटका किंवा बदललेला. आणि तो ‘फोनवर बोलू’ म्हणाला तरी लिहूनच घ्या.

त्या रात्री माझ्या हातात मोबाइल होता. त्याचा टॉर्च पांढरा असतो. भिंतीवर एकदा मारला असता तर दोन राखाडी वेगळे दिसले असते. भिंतीचा वरचा थर उचलून आतली एक वीट मागितली असती तर नाव आहे की नाही कळलं असतं. खरा विकणारा ते स्वतःहून करून दाखवतो. नंतर पुण्याच्या एका गृहस्थांकडून मी काही सुटे तुकडे घेतले, त्यांनी सकाळी घरी बोलावलं, खिडकीपाशी बसवलं आणि तडा गेलेली दोन धडं स्वतः बाजूला काढली. ब्रिकलिंक या लेगोच्या खरेदी-विक्रीच्या साइटच्या कॅटलॉगवर प्रत्येक जुन्या संचाच्या तुकड्यांची आणि माणसांची यादी फोटोंसकट आहे, ती छापून सोबत न्या. लेगोच्या अधिकृत साइटवर पुस्तिका 1996 पासूनच्या मिळतात, त्यामुळे त्याआधीच्या किल्ल्यांसाठी संग्राहकांनी स्कॅन केलेल्या पुस्तिका शोधून ठेवाव्या लागतात. सगळ्यात महत्त्वाचं, पॅकिंग तुमच्या डोळ्यांसमोर आणि शिपाई आधी मोजून तुमच्या पिशवीत.

6080 आम्ही पुन्हा बांधतोय. नकली विटा सगळ्या बाहेर काढल्या, पश्चिमेचा बुरूज अजून अर्धाच आहे. येत्या दिवाळीत मुलगा मातीचा किल्ला करेल तेव्हा हा आत कपाटातच राहील, ऊन लागू नये म्हणून.

गेल्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. वेगळं नाव, वेगळा नंबर, गाव संगमनेर लिहिलंय. फोटो मात्र तेच, हिरवी फुलांची चादर, तीन किल्ले, भूत, शिपायांची रांग. मी तिथेच तक्रार नोंदवली आणि स्क्रीनशॉट पोलिसांना दिला. तुम्हाला कुणाला हा फोटो दिसला तर विकणाऱ्याला एकच सांगा, उजवीकडून तिसऱ्या शिपायाचा आजच्या वर्तमानपत्रावर ठेवून एक नवा फोटो पाठव. त्याला तो पाठवता येणार नाही. तो शिपाई माझ्याकडे आहे.