थंडीत बोन्साय घरात आणावं की गच्चीवरच झाकावं?

नाशिकमध्ये पारा दहाच्या खाली उतरला की वड, नांद्रुक, अडेनियम कुंडीत वाढवणाऱ्यांची घालमेल सुरू होते. ट्रे उचलून आत आणायचे की गच्चीवरच काहीतरी पांघरायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. माझं मत असं, की सगळी झाडं सरसकट महिनाभर घरात कोंडू नयेत.

आधी धोका कुठून येतो ते पाहू. शेतातल्या वडाच्या मुळांना खालच्या मातीची ऊब मिळते. दोन-तीन इंच खोल ट्रेला ती नाही, तो रात्रीच्या हवेबरोबरच गार पडतो. शिवाय निरभ्र रात्री पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षाही थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तेव्हाही हवेतला पारा शून्याच्या वर असतो, तो याचमुळे. म्हणून डोक्यावर नुसतं छत असलं, तरी फार मोठा फरक पडतो.

घरात आणण्याचा फायदा उघड आहे. ऊब नक्की मिळते, वारा लागत नाही. पण उजेड जातो. पहिल्या वर्षी माझं नांद्रुक मी दिवाणखान्यात कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं आणि तीन आठवड्यांत निम्मी पानं गळाली. थंडी बाधली असं समजून मी पाणी वाढवलं, तेव्हा खालची मुळं कुजू लागली. थंडीचा त्यात काहीच दोष नव्हता. फायकस प्रजातीतल्या झाडांना, म्हणजे नांद्रुक, वड, पिंपळ यांना, उजेडातला अचानक बदल सोसत नाही. बंद खोलीच्या कोरड्या हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण या किडीही लवकर पसरतात.

झाकायचं तर कशाने? प्लास्टिकचा कागद स्वस्त आणि हाताशी असतो, पण मला तो पटत नाही. पातळ पॉलिथिनमधून रात्रीची उष्णता निसटून जाते, कागदाला टेकलेलं पान आधी करपतं, आणि सकाळी काढायचं राहून गेलं तर आतलं झाड उन्हात अक्षरशः शिजतं. पपई-कलिंगडाच्या रोपांवर शेतकरी घालतात ते पांढरं क्रॉप कव्हर यापेक्षा कितीतरी चांगलं. ते हवा आणि थोडा उजेड आत जाऊ देतं. चार काठ्या रोवून पानांपासून थोडं वर ताणायचं आणि कडा जमिनीपर्यंत सोडायच्या. मात्र त्याने तापमान दोन-तीन अंशच वाढतं, याहून जास्त अपेक्षा नको.

आता निवड झाडानुसार. नांद्रुक, वड, पिंपळ, चिंच ही झाडं स्टँडवरून उतरवून दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीलगत, शक्यतो पडवीत किंवा छपराखाली ठेवा. पारा सहा-सातच्या खाली जाणार असेल, त्या रात्री वरून कव्हर. एवढ्यावर ती निभावतात. थोडी पानं पिवळी पडली तरी घाबरू नका.

अडेनियम वेगळं आहे. दहाच्या आसपासच ते झोपी जातं, पानं टाकतं. त्याला खरा धोका थंडीत ओल्या राहिलेल्या मातीचा. जाड बुंधा आतून सडतो आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याचं पाणी जवळजवळ बंद करा आणि रात्रीपुरतं आत आणा. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी चांगलं ऊन असतं, ते चुकवू नका. जेड या मांसल पानांच्या झाडालाही हेच लागू. कामिनी आणि ब्राझिलियन रेनट्री नाजूक आहेत. ट्रे लहान असेल तर त्यांनाही रोजची ने-आण परवडते. पंचवीस किलोचा ट्रे रोज उचलणं मात्र शक्य नाही, तिथे कव्हरच.

न्यूजर्सी किंवा लंडनमध्ये वड जोपासणाऱ्यांपुढे हा प्रश्नच नाही. तिथे रात्री दहाच्या खाली जायला लागल्या की झाड आत घ्यावं लागतं, ते वसंतापर्यंत. त्यांनी दक्षिणेची खिडकी पकडावी, शिवाय ग्रो-लाइट, म्हणजे झाडांसाठीचा खास दिवा, लावावा, आणि ट्रे हीटरपासून लांब ठेवावा.

पर्याय कोणताही घ्या, पाणी सकाळी उन्हं वर आल्यावरच, तेही बोटाला माती कोरडी लागली तर. खत, छाटणी, कुंडी बदलणं फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत थांबवा. फांदी मेली असं वाटलं तर लगेच कापू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती फांदी मार्चमध्ये पुन्हा फुटते.