बुलेट स्मोकर, मार्च ते ऑक्टोबर: हौशी बार्बेक्यू स्पर्धेपुरता अनुभव

आधी निकाल सांगते. कॅन्सस सिटीकडच्या स्पर्धांमध्ये हौशी, म्हणजे ‘बॅकयार्ड’ गटात उतरायचं असेल, तर १८ इंची कोळशाचा बुलेट स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायचं उभं, बंदुकीच्या गोळीसारखं दिसणारं यंत्र, पुरतो. शेजारच्या तंबूत गाडीला जोडून आणलेलं धुड पाहून छाती दडपते, पण परीक्षकांना ते दिसतच नाही. त्यांच्यापुढे जातो तो फक्त नऊ इंची पांढरा थर्माकोलचा डबा, आणि त्यावर टीमचं नाव नसतं.

आम्ही हा गट निवडला त्याला घरचं कारणही आहे. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या मुख्य स्पर्धेत चार विभाग असतात: चिकन, रिब्स (बरगड्या), पोर्क (डुकराच्या खांद्याचं मांस) आणि ब्रिस्केट. ब्रिस्केट म्हणजे गाईगुरांच्या छातीचं मांस, ते आम्ही करत नाही. बॅकयार्ड गटात बहुतेक ठिकाणी चिकन आणि रिब्स एवढंच असतं. रिब्स डुकराच्या असतात, त्याला आमच्याकडे हरकत नाही. तुमच्याकडे असेल तर पैसे भरण्याआधी घरात बोलून घ्या.

आता यंत्राकडे वळू. खाली कोळशाची टोपली, मध्ये पाण्याचं भांडं, वर दोन जाळ्या आणि झाकण. वीज नाही, पंखा नाही. गॅस किंवा विजेवर मांस शिजवायला या स्पर्धांमध्ये परवानगीच नाही. उष्णता लाकडाची, पेलेटची (दाबलेल्या भुशाच्या कांड्यांची) किंवा कोळशाची हवी. टोपली न पेटलेल्या कोळशाने भरायची आणि वर थोडे फुललेले निखारे टाकायचे. याला इथे मिनियन पद्धत म्हणतात. आग हळूहळू खाली उतरते आणि मध्ये कोळसा न घालता रिब्स होऊन वर आच उरते. खालच्या झडपा इकडेतिकडे करून तापमान राखायचं, वरची कायम उघडी. चुलीतली लाकडं पुढेमागे सारणाऱ्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नसतं.

तक्रारी आहेत. झाकणावरचा तापमापक जाळीवरचं खरं तापमान दाखवत नाही, त्यामुळे जाळीला लावायचा वेगळा प्रोब, म्हणजे तापमान मोजायची सळई, पहिल्या दिवशीच घ्या. बाजूचं दार नीट बसत नाही. सुरुवातीला तिथून धूर आणि हवा इतकी जायची की २५० अंश फॅरनहाइटवर ठेवताना दमछाक व्हायची. दोन-तीन महिन्यांत काजळी आणि चरबी साचून फटी आपोआप बुजल्या, म्हणून स्मोकर आतून घासून चकचकीत करू नका. वारा मात्र अजूनही त्रास देतो. कॅन्ससच्या वसंतातला वारा ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. आडोशाला पत्रा लागतोच.

पाण्याच्या भांड्याबद्दल पुस्तिकेत असतं त्याहून माझं मत थोडं वेगळं आहे. रिब्सना पाणी हवं, तापमान शांत राहतं. चिकनला मी ते भांडं फॉइलने झाकून रिकामंच ठेवते आणि तापमान २७५ च्या पुढे जाऊ देते, नाहीतर कातडी रबरासारखी राहते. मांड्यांच्या कातडीखालची चरबी सुरीने खरवडून काढावी लागते. काम किचकट आहे, पण परीक्षकाने चावल्यावर अख्खी कातडी निघून हातात आली तर गुण गेलेच. मांडी १७५ अंशांपर्यंत नेली तरी कोरडी पडत नाही. धुरासाठी चेरीचे दोन ठोकळे बास. धूर निळसर, विरळ हवा. पांढरा दाट लोट निघत असताना मांस ठेवलं की कडवट होतं.

खरी अडचण आपल्या जिभेची आहे. मटण हाडावरून गळून पडलं की आपण वाहवा करतो. इथे रिब गळून पडली तर ती जास्त शिजली असं धरतात. दात लावला तेवढंच मांस निघावं, बाकीचं हाडाला राहावं. दुसरं म्हणजे मॅरिनेशन. रात्रभर दही-मसाल्यात मुरवून नेणं चालत नाही. अधिकारी मांस तपासेपर्यंत त्याला मीठसुद्धा लावायचं नाही. साफ करून, कापून, थंड ठेवून न्यायचं, एवढीच मुभा. त्यामुळे मसाला कोरडा, वरून. लाल तिखट मी थोडं वापरते, गरम मसाला अजिबात नाही. परीक्षकांची जीभ गोड-आंबट टोमॅटो-मोलॅसिसच्या (काकवीच्या) सॉसवर पोसलेली आहे.

गुणांचं गणित एकदा समजून घ्या. एका टेबलावर सहा परीक्षक. रूप, चव आणि मऊपणा यांना प्रत्येकी २ ते ९ गुण. सर्वांत कमी देणाऱ्याचे गुण वगळतात आणि पूर्ण गुण होतात १८०. चवीला निम्म्याहून जास्त वजन, रूपाला सर्वांत कमी. तरीही नवखे लोक अर्धा तास हिरवा पाला रचत बसतात. सजावट ऐच्छिक आहे. लेट्यूस, पार्सली चालते, आपली कोथिंबीरही चालते. लाल कडांचं लेट्यूस टाकलंत तर रूपाचे गुण गेलेच. डब्यात सहा जणांना पुरतील इतके तुकडे हवेतच. डबा ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी ते पाच मिनिटं नंतर एवढ्यातच घेतात. चिकननंतर सहसा अर्ध्या तासाने रिब्स असतात, म्हणून डबा पोचवायला दुसरं माणूस हवंच. आमच्याकडे ते काम नवऱ्याचं, आणि गर्दीतून उघडा तवा नेल्यासारखा तो चालतो.

बक्षिसाच्या आशेने घेऊ नका; कोळसा, मांस आणि प्रवेश फी यांचाच हिशेब जुळत नाही. चारही विभाग करायचे असतील तर २२ इंची घ्या, कारण अख्खं ब्रिस्केट १८ इंचाच्या जाळीवर दाबूनदुबून बसवावं लागतं. आणि यंत्रावर आणखी पैसे घालण्याआधी सोसायटीचा परीक्षक-वर्ग करा. तिथे इतरांच्या बाजूला बसून गुण द्यावे लागतात. मी या थंडीत नाव घातलंय.