निळी ‘माद्रिद’ म्हणून गळ्यात मारलेला संच

ओहायोत फ्ली मार्केट (जुन्या वस्तूंचे बाजार) आणि इस्टेट सेल (घरातल्या जुन्या सामानाची विक्री) धुंडाळून जुनी काच जमवणारी आपली बरीच मंडळी आहेत. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ज्याने मला फसवलं तो अजून तसाच माल विकतो आहे.

‘माद्रिद’ ही ओहायोतल्याच कोलंबस शहरातल्या फेडरल ग्लास कंपनीची नक्षी. मध्यभागी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आणि भोवती दाट वेलबुट्टी. १९३२ ते १९३९ या काळात तिच्या प्लेटा साच्यात दाबून निघाल्या. मंदीचे दिवस होते. अशी काच तेव्हा अगदी स्वस्त, काही नक्ष्यांच्या वस्तू तर ओट्सच्या खोक्यात किंवा सिनेमाच्या तिकिटाबरोबर फुकट मिळायच्या. आज त्याच माद्रिदचा जुना निळा रंग शोधत लोक फिरतात आणि त्याला दामही चांगला येतो.

विक्रेत्याने सांगितलं, संच त्याच्या आजीचा, १९३५ सालच्या लग्नातला. मग अतिनील प्रकाशाची बॅटरी काढून शेजारची एक हिरवी प्लेट चमकवून दाखवली. तो उजेड युरेनियमचा. युरेनियम घातलेली काच आजही बनते, तेव्हा चमक हा वयाचा दाखला नव्हेच. शिवाय चमकली ती हिरवी प्लेट, आणि विकला गेला निळा संच! पैसे रोख मागितले. पावतीवर फक्त ‘निळ्या काचेच्या प्लेटा’ एवढंच.

घरी एका जुन्या जाणकार बाईंनी संचातली ग्रिल प्लेट हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. ग्रिल प्लेट म्हणजे कप्प्यांची प्लेट. जुन्या माद्रिदमध्ये तिला तीन कप्पे असतात. आमच्या प्लेटीत मधोमध एकच आडवी भिंत, म्हणजे दोनच कप्पे. अशी प्लेट १९३५ साली निघालेलीच नाही, मग आजीच्या लग्नात कुठून येणार?

झालं होतं ते असं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, १९७६ साली, फेडरलने ही नक्षी ‘रिकलेक्शन’ या नावाने पुन्हा काढली, अंबर म्हणजे मधासारख्या पिवळसर रंगात. त्यात एक प्रामाणिकपणा होता: नक्षीतच ‘७६’ हा आकडा गुंफलेला होता. पुढे साचे इंडियाना ग्लास या दुसऱ्या काच कंपनीकडे गेले, आकडा काढून टाकला गेला, आणि बिनरंगी, निळा, गुलाबी असा माल येऊ लागला. म्हणून अंबर प्लेट घेताना भिंगाने ‘७६’ शोधा, पण निळ्या-गुलाबीत आकडा नाही म्हणून माल जुना समजू नका. जुना निळा मऊ, जरासा दबलेला असतो. नवा भडक आणि डोळ्यांत घुसणारा. अस्सल निळा तुकडा शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो, नुसत्या फोटोवरून कळत नाही.

बुडाचे ओरखडेही पाहा. वर्षानुवर्षं वापरलेल्या प्लेटीच्या बुडावर ते वेडेवाकडे, कमी-जास्त खोल असतात. आमच्या प्रत्येक प्लेटीवर एकाच दिशेने, सारख्या अंतराने रेघा होत्या. पॉलिशपेपर फिरवल्याशिवाय अशा रेघा उमटत नाहीत. इथे मला सगळ्यात जास्त राग आला. नवा माल न कळता जुना म्हणून विकणं वेगळं, आणि बसून त्याला म्हातारपण घासणं वेगळं.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने पावती पुढे केली: “लिहिलंय तेच दिलंय.” तेव्हा पावतीवर ‘फेडरल ग्लास, माद्रिद, १९३० च्या दशकातील अस्सल’ असं सहीसकट लिहून घ्या आणि पैसे कार्डाने द्या. लिहायला का-कू केली, तर प्लेटा तिथेच ठेवा.

नंतर त्याच्या टेबलावर गुलाबी माद्रिद दिसली, फिकट, पाणी घातल्यासारखी. तीही आजीचीच म्हणे. गुलाबी घेणाऱ्यांनी आधी ग्रिल प्लेटीचे कप्पे मोजावेत.