उन्हाळी लेखनगट निवडताना: बिरड्याची तळटीप कोणाला वाचायला द्यायची?

अमेरिकेत ज्यू अध्ययन शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं वर्ष मला नेहमी फार घट्ट बांधलेलं वाटतं. मे महिन्यात सत्र संपतं, ऑगस्टच्या शेवटी पुढचं सुरू होतं आणि वर्ग जेमतेम रुळावर येतात तोच रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ हे ज्यू सण एकापाठोपाठ येतात. डिसेंबरात असोसिएशन फॉर ज्यूइश स्टडीजची वार्षिक परिषद. मग लेख लिहायचा कधी? जून, जुलै आणि ऑगस्टच्या थोड्या दिवसांत. त्या दहा-बारा आठवड्यांसाठीच हे ऑनलाइन लेखनगट असतात.

आपल्याकडचे काही जणही आता त्यांत जाऊ लागले आहेत आणि कुठला गट घ्यावा हे मला अधूनमधून विचारलं जातं. बेने इस्रायलींवर, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजावर, अलिबागकडची गावं, मुंबईतली सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिरं), १८७४ साली पुण्यात छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा (पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी), अशा विषयांवर काम करणारा मराठी माणूस डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहिते आहे. मी तीन प्रकारच्या गटांत बसले आहे: विषयाचा गट, मुक्या खोल्या (जिथे अनोळखी लोकांसोबत नुसतं बसून लिहायचं) आणि आम्ही चौघांनी मिळून जमवलेला आमचा गट.

विषयाचा गट

असोसिएशन फॉर ज्यूइश स्टडीज ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था. तिने आपल्या सदस्यांसाठी उन्हाळ्यात असे ऑनलाइन गट चालवले आहेत. अशा गटांचे साधारण दोन प्रकार असतात. एकात सगळे झूमवर येतात, आज काय लिहिणार ते सांगतात, आवाज बंद करून लिहितात आणि शेवटी काय झालं ते सांगतात. दुसऱ्यात पाळी लावलेली असते. ज्याची पाळी त्याने आधी दहा-पंधरा पानं पाठवायची आणि बाकीच्यांनी ती वाचून यायचं. नाव नोंदवण्याआधी यातला कुठला प्रकार आहे ते विचारून घ्या. पहिल्या उन्हाळ्यात मी ते विचारलं नव्हतं. मला वाचक हवे होते आणि मिळाली शांतता.

वाचणारा गट काय देतो ते एका तळटिपेवरून सांगते. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी बेने इस्रायलींचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यात सणांची कोकणातली मराठी नावं आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण आणि हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला, म्हणजे तिशा ब'आवला, बिरड्याचा सण. जेरुसलेमची दोन्ही मंदिरं उद्ध्वस्त झाली त्याच्या शोकाचा हा दिवस. माझ्या लेखात एवढंच एका ओळीत होतं आणि खाली तळटीप: बिरडं म्हणजे कडधान्याची आमटी.

गटातल्या एकीने तिथेच बोट ठेवलं. तिशा ब'आवचा उपास सुरू होण्याआधीच्या शेवटच्या जेवणात मसूर खायची जुनी रीत आहे, कारण मसूर गोल, तो दुःखितांचा आहार. मग हे बिरडं म्हणजे तोच मसूर का? मी सांगितलं, नाही, हे कडवे वाल. रात्री भिजत घालायचे, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. सोलताना बोटांना तो बुळबुळीतपणा लागतो आणि घरभर वालाचा वास राहतो. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की शोकाचं कडधान्य तेच राहिलं की कोकणात येऊन बदललं, हा खरा प्रश्न मी तळटिपेत पुरून टाकला होता. लेखाचा तो भाग नंतर दोन पानांचा झाला. हा प्रश्न हलाखा, म्हणजे ज्यू धर्मनियम, जाणणाऱ्या माणसाशिवाय कोणी विचारलाच नसता.

पण ज्यू अध्ययन म्हणजे एक गाव नाही. यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमी, मध्ययुगीन स्पेन, कैरो गेनिझातली (तिथल्या सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या साठ्यातली) व्यापाऱ्यांची पत्रं, होलोकॉस्टनंतरची निर्वासितांची शिबिरं, सगळे एकाच छत्राखाली. सहा जणांच्या गटात तुमचं मूळ साधन वाचू शकणारा बहुधा एकही नसतो. तुमच्या मराठी उताऱ्याचा इंग्रजी अनुवाद सगळे मुकाट्याने मान्य करतात, आणि मला ते धोक्याचं वाटतं. गेनिझावाल्या सहकाऱ्यांशी मात्र आपलं पटकन जुळतं. बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार केलेला अब्राहम बेन यिजू त्यांच्या ओळखीचा असतो, त्यामुळे पश्चिम किनारा नकाशावर दाखवावा लागत नाही.

मुक्या खोल्या

यांना विषयाशी देणंघेणं नाही. फोकसमेटवर एका अनोळखी माणसाशी जोडी लागते: पंचवीस, पन्नास किंवा पंचाहत्तर मिनिटं. दोघं काम सांगतात, लिहितात, शेवटी हिशेब देतात. लंडन रायटर्स सलॉनचा रायटर्स अवर २०२० पासून चालू आहे. सोमवार ते शुक्रवार, वेगवेगळ्या देशांच्या घड्याळांप्रमाणे सकाळी आठला, आणि मोफत. उन्हाळ्यात लंडनचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा आणि न्यूयॉर्कचे आठ म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. पान कोरं असेल, प्रकरण महिनाभर तसंच पडलं असेल, तर पैसे न भरता आधी इथे जाऊन बसा. कोरं पान घेऊन विषयाच्या गटात गेलात तर दर आठवड्याला माफी मागावी लागते आणि चौथ्या आठवड्यात माणूस येणंच बंद करतो.

यहुदी परंपरेत जोडीने शिकण्याला हवरुता म्हणतात. दोघं समोरासमोर बसतात, तल्मूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातला उतारा मोठ्याने वाचतात आणि त्यावर भांडतात. येशिवातल्या, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळेतल्या, अभ्यासिकेत म्हणूनच इतका गलका असतो. मुक्या खोलीतही जोडी असते, पण भांडण नसतं. लिहायला बसवण्यापुरती ती जोडी पुरते, युक्तिवाद कुठे कच्चा आहे ते तिथे कळत नाही.

घड्याळ आणि पंचांग

त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. आपली कॉलेजं तेव्हा नुकती उघडलेली असतात, प्रवेशांची धावपळ असते. सुट्टी मे महिन्यातच संपलेली. त्यामुळे त्यांच्यासारखे आठवड्याला वीस तास आपल्याला मिळतील असं धरून कुठलाच गट घेऊ नका. चार-पाच तास धरा.

उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि इस्रायल अडीच तास. न्यूयॉर्कला दुपारी बाराचा गट असेल तर आपले रात्रीचे साडेनऊ वाजतात. घरातली आवराआवर झाल्यावर डोकं चालत असेल तरच तो घ्या. तिथला सकाळी दहाचा गट, म्हणजे आपला संध्याकाळचा साडेसात, मला परवडतो. शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार बहुतेक सोडलेले असतात. रविवार इस्रायलमध्ये कामाचा दिवस आहे, अमेरिकेत सुट्टीचा, त्यामुळे त्या दिवशी जमवाजमव अवघड जाते. जुलै-ऑगस्टमध्ये एखादी बैठक तिशा ब'आवमुळे पुढे जाते. २०२६ मध्ये तो २२ जुलैला सूर्यास्तानंतर लागतो. हे दिवस आधीच वहीत लिहून ठेवा आणि आपली पाळी त्या आठवड्यात मागू नका.

चौघांचा गट

कामाच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त याच गटाने दिलं. आमच्यात एक जण हिब्रू सफाईने वाचतो, एकीचं बालपण रायगड जिल्ह्यात गेलं, एक जण मोडी वाचतो आणि चौथी मी. तीच बिरड्याची तळटीप मी इथेही दिली. रायगडच्या मैत्रिणीने मसुराबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, "अगं, उपासाच्या दिवसाला सण कसा म्हणतील?" विषयाच्या गटात मी सणासाठी जो इंग्रजी शब्द वापरला होता त्यात उपासही बसत होता आणि सणही, म्हणून तिथे कोणी अडलं नाही. मराठी कानाला ते लगेच खटकलं. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

तांत्रिक अडचणही इथेच सुटली. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, देवनागरी डावीकडून उजवीकडे. एका ओळीत दोन्ही आल्या की कंस उलटे होतात, पूर्णविराम भलत्याच टोकाला जातो. हिब्रू अवतरण वेगळ्या परिच्छेदात घ्यायचं आणि त्या परिच्छेदाची दिशा आधी ठरवायची, हे मला त्या हिब्रूवाल्या मित्राने पडदा शेअर करून दाखवलं.

असा गट टिकवणं मात्र कठीण. वर कोणी आयोजक नसतो, त्यामुळे एकाने दोनदा दांडी मारली की बाकीचेही ढिले पडतात. आम्ही सुरुवातीलाच ठरवलं: आठ आठवडे, गुरुवार, प्रत्येकाच्या दोन पाळ्या, पानं मंगळवारी रात्रीपर्यंत, बारापेक्षा जास्त नाहीत. आठव्या आठवड्यानंतर गट बंद. पुढच्या वर्षी हवा असेल तर नव्याने बोलायचं. शेवट ठरलेला असल्यामुळे कोणी मधेच सोडून गेलं नाही.

पैसे घेऊन लेखनाचं मार्गदर्शन करणारे वर्गही आहेत. शुल्क डॉलरमध्ये असतं आणि सल्ला अमेरिकी नोकरीच्या चौकटीतला. तुमचं विद्यापीठ भरत असेल तर जा, स्वतःच्या खिशातून नको.

डिसेंबरच्या परिषदेसाठी तुमचा निबंध मंजूर झाला असेल आणि कच्चा मसुदा हातात असेल, तर यंदा वाचणाऱ्या विषयगटासाठी नाव द्या आणि आयोजकांना तीन गोष्टी विचारा: किती पानं, किती दिवस आधी, आणि आपल्या साधनांची भाषा न येणारा वाचक कसा वाचतो. तिसऱ्या प्रश्नावर ते थोडे थबकले तर बरंच, म्हणजे त्यांनी तो मनावर घेतला. मी यंदा मंगळवारी साडेसातचा विषयगट घेतला आहे आणि गुरुवारची आमची चौघांची बैठक आहेच. पहिल्या पाळीला १८७४ च्या हग्गादेतली मात्झोथ (पेसाहची बिनखमिराची भाकरी) भाजणाऱ्या लुगड्यातल्या बायकांच्या चित्रांवरची पानं देणार आहे, दोन्हीकडे तीच.