अतिलघु स्केलचे बेस गिटार: सगळा हिशोब ई तारेवर

बेस गिटारचा स्केल म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (अंगावरचा तारांचा आधार) वाजणारी लांबी. ३४ इंच स्केलच्या नेहमीच्या बेसवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरची आडवी धातूची पट्टी) कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, की कॅपोपासून ब्रिजपर्यंत उरणारी तार जवळजवळ बरोबर २८.६ इंच भरते. आयबानेझ मायक्रो, जॅक्सन मिनियन आणि स्क्वायर मिनी पी हे तिन्ही बेस याच मापाचे. मान तीन फ्रेटांनी आखूड झाली, पण ट्यूनिंग तेच हवं: ई, ए, डी, जी. या वाद्यांचं सुख आणि त्यांची डोकेदुखी, दोन्हींचं मूळ इथेच आहे.

आधी सुख. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर ३४ इंची बेसवर सुमारे १३० मिलिमीटर असतं; २८.६ इंचीवर ते १०९ मिलिमीटर होतं. हे दोन सेंटिमीटर लहान हाताच्या माणसाला फार मोठे आहेत. एका फ्रेटला एक बोट ही पद्धत मानेच्या सुरुवातीलाही मनगट न पिरगाळता जमते. डावा हात शरीरापासून फार लांब जात नाही, त्यामुळे खांदा आणि कोपर दुखणाऱ्यांना खरोखर आराम मिळतो. दहाव्या फ्रेटच्या आसपास तीन स्वरांचे कॉर्ड वाजवणं सोपं जातं. गिटारवरून बेसकडे येणाऱ्याला तर मान ओळखीचीच वाटते.

आता ई तार, म्हणजे सर्वांत जाड आणि सर्वांत खालच्या स्वराची. तार तीच आणि स्वरही तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. ३० इंचांच्या शॉर्ट स्केलवर, म्हणजे फेंडर मस्टँगच्या घराण्यात, तो सुमारे २२ टक्के घटतो. २८.६ इंचांवर घट २९ टक्के. हाताला हे असं जाणवतं, जणू ३४ इंची बेस तीन अर्धस्वर खाली, सी शार्पवर उतरवलाय. तार लुळी पडते, छेडली की जास्त रुंद हेलकावते आणि फ्रेटांवर आपटते. मग वाजवणारा अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटांपासूनची उंची) वाढवतो, आणि इथून दुसरी अडचण सुरू होते.

फ्रेटवर दाबताना तार किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो, हे प्रत्येक गिटारवर होतं. पण आखूड तारेवर तेवढीच उंची दाबताना ताणाचं प्रमाण वाढतं, शिवाय मूळ ताणही कमी असतो. दोन्ही परिणाम एकत्र धरले, तर तीच तार आणि तीच अ‍ॅक्शन असताना २८.६ इंचांवर स्वर ३४ इंचांच्या सुमारे दुप्पट चढतो. तारेच्या कडकपणामुळे वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराचे उपस्वर) चढे होतात, तेही याच हिशोबाने दुप्पट. ई तार ट्यूनरवर बरोबर दिसते आणि तरी गढूळ ऐकू येते, ती यामुळे. पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग) बदलून हा गढूळपणा जात नाही. तार बदलावी लागते.

३४ इंचीवरचा ०.१०५ इंच तारेचा ताण इथे हवा असेल, तर जाडी साधारण १.१९ पट, म्हणजे ०.१२५ इंच लागते. पण इतकी जाड तार आखूड मापात ताठ होते आणि तिचा आवाज बसका येतो. आमच्या मते ०.११० ते ०.११५ हा खरा मधला मार्ग: ताण बऱ्यापैकी परत येतो आणि स्वराचा कणाही टिकतो. बाकीच्या तीन तारा शॉर्ट स्केलच्या नेहमीच्या सेटमधल्या चालतात, त्यांची तक्रार क्वचितच असते. जाड तार घातल्यावर नटची खाच तिच्या मापाने रुंद करावी लागते, नाहीतर तार खाचेत अडकते आणि ट्यून करताना टक्-टक् करत उडी मारते. फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा ताण देतात आणि जुन्या धाटणीचा गोल, बंद आवाज देतात. काही जातींच्या फ्लॅटवाउंड मात्र इतक्या ताठ असतात की इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर येणं) आणखी बिघडतं.

लांब स्केलचा सेट कापून वापरायचा मोह टाळावा. त्या तारेचा बारीक झालेला, रेशीम गुंडाळलेला भाग खुंटीच्या पुढे राहून जातो आणि पूर्ण जाडीची तार खुंटीभोवती वळवावी लागते. गुंडाळी उलगडते, तार नीट बसत नाही, कधी तिथेच तुटते. खरेदीपूर्वी ब्रिजमधल्या तारेच्या गोळीपासून नटपर्यंत टेपने मोजावं; पूर्ण जाडीची गुंडाळी नट ओलांडून, पण खुंटीच्या आत संपायला हवी. ई तारेची खुंटी नटच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे चूक पहिल्यांदा तिथेच दिसते. कापणं टाळताच येत नसेल, तर खुंटीपुढे १० ते १२ सेंटिमीटर सोडून तार आधी काटकोनात घट्ट वाकवावी आणि त्या वाकणाच्या पलीकडे कापावी. सरळ कापली, तर गोल गाभ्याच्या तारेत गुंडाळी आतून सैल होते आणि तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाजते.

सेटअपचा क्रमही महत्त्वाचा. नव्या तारा, मग ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई), मग अ‍ॅक्शन, सगळ्यांत शेवटी इंटोनेशन. ताण कमी असल्याने मान कमी वाकते. फॅक्टरीतून आलेला ट्रस रॉड जाड तारांनंतर हमखास पुन्हा बघावा लागतो. बाराव्या फ्रेटवर ई तार सुमारे २.५ मिलिमीटर आणि जी तार २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात. नटच्या खाचा उंच असतील, तर पहिल्या तीन फ्रेटांचे स्वर कितीही सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) हलवलं तरी चढेच राहतात. तपासणी सोपी आहे: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा, पहिल्या फ्रेटवर कागदाच्या जाडीइतकीच फट दिसली पाहिजे. स्वस्त छोट्या बेसमध्ये सर्वाधिक दोष इथेच सापडतो. तो कारागिराच्या एका कानशीत सुटतो, म्हणून त्यावरून वाद्य नाकारू नये.

इंटोनेशनला बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) चढा आला, तर सॅडल मागे घ्यायचं. ई तारेचं सॅडल मागच्या टोकाला टेकलं आणि तरी स्वर चढाच असेल, तर त्या स्क्रूवरची स्प्रिंग काढून किंवा कापून थोडी जागा मिळते. त्याहून चांगला उपाय टेपर तारेचा: सॅडलवर तारेचा फक्त बारीक झालेला भाग टेकतो आणि तार तिथे लवचीक राहते.

याहून खाली उतरलं की वाद्याची जातच बदलते. टेलरचा जीएस मिनी बेस २३.५ इंचांचा, अकूस्टिक. त्यावर नायलॉन गाभ्याच्या खास तारा लागतात. काला यू-बेस २० ते २१ इंचांचा, पॉलियुरेथेनच्या जाड, रबरासारख्या तारांचा. अ‍ॅशबरी तर केवळ १८ इंचांचा, सिलिकॉनच्या तारांचा आणि फ्रेटलेस. तो १९८० च्या दशकात गिल्डने बाजारात आणला. इथे स्टीलच्या तारेशी भांडण नाही, कारण रबरी तार मुळातच सैल आणि जाड असते. आवाज उभ्या डबल बेसच्या बोटांनी छेडलेल्या स्वराच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ जातो: ठोस सुरुवात, खोल गोलाई, लवकर विझणारा नाद. एवढ्याशा लाकडातून हा स्वर पहिल्यांदा अँपमधून ऐकणं हा खरा आनंद आहे.

त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. रबरी तारा चुंबकीय पिकअपला कळतच नाहीत, म्हणून सॅडलखाली पिएझो (दाबातून कंपन टिपणारा पिकअप) असतो. त्याला १ मेगाओहम किंवा जास्त इनपुटचा प्रीअँप (अँपआधी सिग्नल सावरणारं उपकरण) हवा, नाहीतर आवाज पातळ आणि खरखरीत येतो. पिएझो बोटांचे ठोके आणि अतिखोल गडगडाटही पकडतो. खुल्या ई चा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा आहे, तेव्हा ३० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचा आवाज गाळणारा) लावला तर काही गमवत नाही आणि स्पीकर वाचतो. नव्या तारा कित्येक दिवस ताणत राहतात, तेवढा काळ दर गाण्याला ट्यूनिंग तपासावं लागतं. घामेजलेली बोटं तारेला चिकटतात. अ‍ॅशबरी वाजवणारे त्यासाठी टाल्कम पावडर वापरतात. आणि अँपशिवाय यू-बेस खोलीपलीकडे ऐकू जात नाही.

ड्रॉप ट्यूनिंग (तार नेहमीपेक्षा खाली उतरवणं), पाचवी बी तार, पिकने जोरात वाजवायचं संगीत आणि चकचकीत स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) यांसाठी यातलं काहीही घेऊ नये. उलट २८.६ इंची बेस वर ट्यून केला, तर तो खुलतो. नेहमीच्या जाडीचा सेट जी, सी, एफ, बी फ्लॅट असा तीन अर्धस्वर वर चढवला, की ताण ३४ इंचीच्या बरोबरीला येतो आणि वाद्य अचानक स्पष्ट बोलायला लागतं. सोलो आणि कॉर्ड वाजवणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं.

दुकानात हातात घेतल्यावर आधी पट्टा लावून उभं राहा आणि डावा हात सोडा. अंग छोटं आणि खुंट्या पूर्ण आकाराच्या असल्या, की मान खाली झुकते. रुंद, आतून खडबडीत चामड्याचा पट्टा थोडं सावरतो, हलक्या खुंट्या जास्त. मग ई तार बाराव्या फ्रेटवर हलक्या बोटाने आणि नंतर जोर लावून दाबा, ट्यूनरची सुई किती सरकते ते पाहा. शेवटी ई तारेचं सॅडल बघा: ते आताच मागच्या टोकाला टेकलेलं असेल, तर जाड तार घालायला जागा उरलेली नाही, आणि दुसरा नग मागावा.