कटान की कोडनेम्स: सहा-सात जणांच्या ग्रुपसाठी काय घ्यावं?

मैत्रिणीचा प्रश्न: शनिवारी सहा-सात जण जमतो, एकच खेळ घ्यायचाय, कुठला घेऊ?

आधी डोकी मोजा. कटान म्हणजे मेंढ्या-विटांसारख्या मालाचे पत्ते जमवून, अदलाबदल करून वस्त्या बांधायचा बोर्ड गेम. त्याच्या मूळ डब्यात 3-4 जणांचीच सोय. पाचव्या-सहाव्यासाठी एक्स्टेंशन (जोड-डबा) वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि सातवा नुसता बघत बसतो. डबा मुळातच महाग, त्यात ही भर. कोडनेम्स म्हणजे एका शब्दाच्या इशाऱ्यावरून टेबलावरचे आपल्या संघाचे शब्द ओळखायचा खेळ. त्यात दोन संघ, त्यामुळे आठ जणही आरामात मावतात. उशिरा आलेला मध्येच कुठल्याही संघात घुसू शकतो.

कोडनेम्सचा डाव 15-20 मिनिटांत उरकतो. कटानला तास-दीड तास, शिवाय पहिल्यांदा नियम समजावणं आलंच. पण 'दोन मेंढ्या घे, एक वीट दे' ही घासाघीस कोडनेम्समध्ये नाही, हेही खरं.

टिकण्याचं म्हणाल तर कटानचे पत्ते हातात लपवायचे असतात, आणि फाशांवर सात पडले की दुसऱ्याच्या हातातला एक न बघता ओढता येतो. एखाद्याचा कोपरा दुमडला की तो लगेच ओळखू येतो. पत्त्यांना स्लीव्ह (प्लास्टिकचं कव्हर) घालाच. कोडनेम्सचे शब्द टेबलावर उघडेच असतात, मळले तरी बिघडत नाही.

कोडनेम्सची खरी अडचण इंग्रजी. आजी-आजोबा बसणार असतील तर 25 चिठ्ठ्यांवर दोन-दोन अर्थांचे मराठी शब्द लिहा: पान, कळ, माळ, वर. कुठला शब्द कुठल्या संघाचा हे दाखवणारं रंगांचं कार्ड डब्यातलंच चालतं.

ठरलेले चौघे आणि निवांत रात्र असेल तर कटान. माणसं कमी-जास्त होणार असतील तर कोडनेम्स. मैत्रिणीला मी तोच सांगितला.