कोकम सिरपच्या बाटलीवर भाड्याचा भार टाकावा का?

कुडाळजवळ आमचं छोटं युनिट आहे. कोकम सिरप, आगळ, थोडी आमसुलं. खर्च मांडायच्या दोन्ही पद्धतींवर मी काही वर्षं काढली आहेत. अ‍ॅब्सॉर्प्शनमध्ये शेडचं भाडं, कायम माणसांचा पगार, यंत्रांचा घसारा हा सगळा स्थिर खर्च बाटल्यांवर वाटून टाकतात. मार्जिनलमध्ये बाटलीच्या नावावर फक्त तिच्यामुळे होणारा खर्च लागतो आणि स्थिर खर्च त्या वर्षाच्या माथी जातो. तुम्ही यातली एक निवडायला बसला असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आकडे गोल करून सांगतो. रातांबे (कोकमाची फळं), साखर, बाटली, झाकण, लेबल, खोका आणि फळं फोडणाऱ्या बायकांची हंगामी मजुरी मिळून बाटलीला ६२ रुपये. दुकानदाराला भाव ११०, म्हणजे बाटलीमागे ४८ सुटतात. वर्षाचा स्थिर खर्च ३ लाख ६० हजार.

आमच्याकडे रातांबा येतो तो एप्रिल-मेमध्ये. पाऊस लागला की फळ संपलं. वर्षभराचा माल त्या थोड्या आठवड्यांत करून ठेवायचा आणि तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विकत राहायचा. अ‍ॅब्सॉर्प्शनने मला सतावलं ते इथेच.

एका वर्षी फळ भरपूर आलं. १५,००० बाटल्या केल्या. ३१ मार्चपर्यंत ९,००० खपल्या, ६,००० गोदामात राहिल्या. स्थिर खर्च बाटलीला २४ रुपये पडला, म्हणून कागदावर नफा २ लाख १६ हजार. पण खात्यात पैसे नव्हते, साखरेच्या व्यापाऱ्याचं देणं थकलेलं. पैसे उरलेल्या मालात अडकले होते, आणि कागदावरचा नफा फुगला होता, कारण त्या बाटल्यांनी १ लाख ४४ हजारांचं भाडं-पगार आपल्या पोटात घेऊन पुढच्या वर्षात नेलं होतं. मार्जिनलने मांडलं तर ९,००० बाटल्यांवर ४८ प्रमाणे ४ लाख ३२ हजार, त्यातून स्थिर खर्च वजा जाता ७२ हजार. त्या वर्षाच्या विक्रीशी जुळणारा आकडा हाच.

पुढच्या वर्षी फळ कमी. जेमतेम ६,००० बाटल्या केल्या, पण जुना माल धरून १२,००० विकल्या. एवढी विक्री आम्ही कधी केली नव्हती. हिशेब आला तेव्हा नफा ७२ हजार, म्हणजे आदल्या वर्षाच्या तिसरा हिस्सा. जुन्या बाटल्यांच्या पोटातले १ लाख ४४ हजारही याच वर्षात वजा झाले होते. घरच्यांना हे कसं समजावू, मला कळेना. मार्जिनलने तोच नफा २ लाख १६ हजार येतो. नंतर वाचनात आलं की १९३६ साली जोनाथन हॅरिस या अमेरिकी लेखकाने हीच तक्रार मांडली होती: विक्री वाढली, उत्पादन घटलं, आणि हिशेबात नफा खाली गेला. तिथल्या कारखानदारालाही हेच कोडं पडलं होतं, हे वाचून मला धीर आला.

अ‍ॅब्सॉर्प्शन टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. ताळेबंदासाठी ते लागतंच. सनदी लेखापालांच्या संस्थेचं, म्हणजे आयसीएआयचं, लेखामानक २ उत्पादनाचा स्थिर खर्च मालाच्या किमतीत धरायला सांगतं, तोही नेहमीच्या क्षमतेवर वाटून. बेकरीसारखा रोज करून रोज विकायचा धंदा असेल तर दोन्ही पद्धतींत फरक पडतच नाही म्हणा ना. आणि कायमचा भाव ठरवताना भाड्याचा वाटा डोळ्यासमोर हवाच.

मार्जिनलचा धोकाही सांगायला हवा. ६२ च्या वर मिळालेला प्रत्येक रुपया फायद्याचा वाटू लागतो. मालवणच्या एका हॉटेलने २,००० बाटल्या ८० ने मागितल्या. पूर्ण खर्चाने बघितलं तर सरळ तोटा होता. मी दिल्या आणि ३६ हजार सुटले, पण दिल्या त्या मागच्या हंगामाच्या उरलेल्या मालातून, आणि नेहमीच्या ७,५०० बाटल्या पूर्ण भावाने खपल्यावरच. ७,५०० ला स्थिर खर्च भरून निघतो. त्याआधी असा भाव दिला असता तर भाडं कोण भरणार होतं? शिवाय जवळच्या दुकानदारांना तो भाव कळला तर ११० टिकत नाही, याचाही विचार करावा लागला.

आता ताळेबंद सीएकडे त्यांच्या पद्धतीने होतो, आणि माझ्या वहीत वेगळं पान असतं: किती विकल्या, गुणिले ४८, वजा ३ लाख ६० हजार. रातांबे किती घ्यायचे हे त्या पानावरून ठरतं. या मे महिन्यात फळ स्वस्त होतं, लोक टेम्पो भरून दारात आणत होते. गोदामात जुन्या १,५०० बाटल्या होत्या. मी नव्या ९,००० बाटल्यांपुरतेच रातांबे घेतले आणि बाकीचे टेम्पो परत पाठवले.